सूट शिवून घ्यावा की रेडिमेड? शिलाईचे पैसे नेमके कशाचे जातात?

घाटमाथा

नमस्कार मंडळी. डिसेंबरात लग्न आहे. विधींचे कपडे घरच्यांनी ठरवून टाकलेत, रिसेप्शनचा सूट तेवढा माझ्याकडे आहे. पुण्यात लक्ष्मी रस्ता आणि कॅम्प पालथा घातला आणि डोकं चक्रावलं.

चांगल्या ब्रँडचा रेडिमेड सूट १४ हजारांत मिळतोय. कॅम्पातल्या एका जुन्या टेलरनं सांगितलं ते असं : कापड साडेचार हजार रुपये मीटर, लागणार सव्वातीन मीटर, शिलाई वेगळी १५ हजार. म्हणजे साडेएकोणतीस हजारांच्या आसपास. लक्ष्मी रस्त्यावर शिलाई ६ हजार म्हणाले. मापं तिथेही तीच घेतली आणि फोटोही तेच दाखवले. मग मधले ९ हजार कशाचे?

एक अडचण आहे. बरीच वर्षं क्रिकेट खेळलोय, माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलेला आहे. रेडिमेड कोट घातला की मानेमागे कॉलर उभी राहते आणि उजव्या बगलेखाली तिरकी चुणी पडते. दुकानातला मुलगा म्हणतो "आल्टर होईल". होतं का?

ज्यांनी शिवून घेतलाय त्यांनी पैसे वसूल झाले का ते सांगा.

रानजाई

अभिनंदन! पण खरं सांगा, रिसेप्शननंतर तो सूट कितींदा घालणार? आमच्या घरात लग्नाचे सूट कपाटात लटकलेत, एकाचंही बटण आता लागत नाही. भाड्याने छान सूट, शेरवानी सगळं मिळतं. तीस हजारांत हनिमूनची तिकिटं येतील.

गोदाकाठ

रानजाई, भाड्याच्या कोटात खांद्याचा प्रश्न तसाच राहणार ना. त्यांचा मुद्दा तोच आहे.

माझा अनुभव. स्वस्त शिलाईचा सूट घेतला होता, दुकानाचं नाव लिहीत नाही. पहिल्या दिवशी एकदम झकास दिसला. काही वेळा ड्रायक्लीन झाल्यावर छातीवर पापडासारखे फुगे आले. इस्त्री केली की बसायचे, तासाभरात परत वर. टेलरकडे नेला तर म्हणाला, "धुतला असेल घरी." घरी धुतलेला नव्हता.

खडू_कात्री

माझे वडील कोल्हापुरात कोटाचे कटिंग मास्तर होते. शाळेतून आलो की दुकानात बसून काजं करायची, असं माझं लहानपण गेलं. आता व्यवसाय वेगळा आहे, पण कोट हातात आला की मी तो आधी उलटा करून बघतो.

घाटमाथा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर कोटाच्या आत आहे. कापड आणि अस्तर यांच्यामध्ये आणखी एक थर असतो आणि छातीला जो डौल येतो तो त्या थरामुळे. स्वस्त कामात तो थर म्हणजे फ्यूजिंग. एका बाजूला चिकट पदार्थ लावलेलं कापड गरम प्रेसखाली सुटाच्या कापडाला चिकटवून टाकतात. मिनिटांचं काम. चिकटवण हलकी असली की ड्रायक्लीनिंगमध्ये ती जागोजागी सुटते आणि वरचं कापड फुगतं. गोदाकाठ, तुमच्या कोटाचं हेच झालंय, तुमच्या धुण्याचा त्यात काही दोष नाही.

महाग कामात त्या जागी कॅनव्हास असतो. त्यातल्या छातीच्या तुकड्यात घोड्याचे केस विणलेले असतात, त्यामुळे तो दाबला तरी परत उसळून येतो. हा कॅनव्हास चिकटवत नाहीत, हाताने टाचतात. लेपलच्या, म्हणजे कॉलरखाली छातीवर बाहेर वळलेल्या पट्टीच्या, आतल्या बाजूला बारीक तिरक्या टाक्यांच्या ओळीच्या ओळी असतात. वडील लेपल डाव्या हाताच्या बोटावर वळवून धरायचे आणि तसाच वळलेला असताना टाके घालायचे. सुईने कापडाचा जेमतेम एखादा तंतू उचलायचा, बाहेरून टाका दिसला की उसवायचा. म्हणून तो लेपल सुटल्यावरही वळलेलाच राहतो, इस्त्रीने दाबून बसवावा लागत नाही. नुसत्या पुढच्या दोन भागांना कारागिराचा अख्खा दिवस जातो. ९ हजारांतला मोठा वाटा तिथे आहे. सगळीकडे कॅनव्हास नको असेल तर छाती आणि लेपलपुरता कॅनव्हास, खाली फ्यूजिंग, असा हाफ कॅनव्हासही करतात. लग्नाच्या सुटाला मी तोच सुचवेन.

ओळखायचं कसं? बटणाच्या काजाखाली कोटाचं कापड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरा आणि हलकेच वेगळं करा. बाहेरचं कापड, अस्तर आणि मध्ये सुटा फिरणारा तिसरा थर लागला की कॅनव्हास आहे. बाहेरचं कापड जाड, कडक लागलं आणि मध्ये काहीच फिरलं नाही तर फ्यूजिंग. हाफ कॅनव्हासवाल्यात हे छातीशी बघावं लागतं.

आता खांदा. कंबर आत-बाहेर होते, बाही मनगटाशी लहान-मोठी होते, पँटची उंची तर कुणीही करून देईल. खांदा मात्र आल्टर होत नाही असंच धरून चाला. तो बदलायचा तर बाही, कॉलर, अस्तर सगळं उसवावं लागतं, आणि एवढं करायला चांगला मास्तर नाहीच म्हणतो. तुमची कॉलर उभी राहते ती खांद्याचा उतार चुकल्यामुळे. शिवून घेताना दोन्ही खांद्यांचा उतार वेगळा कापता येतो, किंवा उजवीकडे पॅड थोडं जाड घालता येतं. मुलगा "होईल" म्हणाला, कारण त्याला कोट विकायचा आहे.

काळा_कोट

खडू_कात्री, प्रतिसाद जपून ठेवला आहे.

मी वकील आहे, जिल्हा न्यायालयात. आमचा कोट रोज अंगावर असतो. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे उन्हाळ्यात खालच्या न्यायालयांत कोटाची सक्ती नाही, पण उच्च न्यायालयात ती सवलत नाही, आणि औरंगाबाद खंडपीठात माझं जाणं-येणं असतं. म्हणजे बाराही महिने कोट. कोर्टाच्या बाहेर हजार-दीड हजारात मिळणारे कोट मी वापरले आहेत. वर्षभरात कोपरं चकाकायला लागतात आणि फाइल उचलायला हात वर केला की अख्खा कोट कानापर्यंत येतो. पुढे नऊ हजार देऊन एक शिवून घेतला. तो चौथ्या वर्षातही चांगला आहे. 

बायकांचं वेगळंच दुखणं आहे. पुष्कळ टेलर पुरुषाच्याच कटात छाती सैल करून देतात, मग कंबरेला कोट तंबू होतो. छातीला टक्स घेऊन, कंबरेला वळण देणारा मास्तर शोधायला मला फार हिंडावं लागलं.

खडू_कात्री

काळा_कोट, हात वर केल्यावर कोट उचलला जातो तो मुंढ्यामुळे, म्हणजे बाही जोडतात त्या गोलामुळे. रेडिमेडमध्ये मुंढा खोल ठेवतात, सगळ्यांचे दंड मावायला हवेत म्हणून. मुंढा बगलेजवळ, वर घेतला की हात मोकळा फिरतो आणि कोट जागच्या जागी राहतो. पहिल्यांदा घालणाऱ्याला तो घट्ट वाटतो, फाइल उचलून बघितली की पटतं.

लोकलचा_प्रवासी

मला मूळ मुद्दाच पटत नाही. आपली हवा काय, आपण घालतो काय? मे महिन्यात दादरच्या हॉलमध्ये नवरदेव घामाने निथळतोय, पंखा त्याच्याकडे फिरवलाय आणि फोटोग्राफर म्हणतोय कोटाचं बटण लावा. साहेब गेला, साहेबाचा कोट राहिला. त्यात कॅनव्हास घाला नाहीतर आणखी काही. उत्तम सुती सदरा आणि जाकीट घाला, बरं दिसतं.

ठाणेकर_मावशी

लोकलचा_प्रवासी, घाम कापडामुळे येतो हो, सगळा दोष कोटाला देऊ नका. पॉलिस्टर-व्हिस्कोसमध्ये हवा खेळत नाही. मोकळ्या विणीची हलकी लोकर मुंबईतही चालते, आणि पाठीला अर्धंच अस्तर लावून घेतलं तर फारच फरक पडतो. लोकर म्हटलं की लोकांना स्वेटर आठवतो.

आम्ही ठाण्याचे. रेमंडची लोकरीची गिरणी इथे १९२५ पासून होती, आता तिच्या जागेवर टॉवर आहेत. शेजारीपाजारी गिरणीत कामाला, त्यामुळे कापडाच्या गप्पा घरात रोजच्या. दुकानदार "सुपर १५०" म्हणून महागातलं कापड पुढे करतो, तेव्हा सांभाळा. तो आकडा लोकरीचा तंतू किती बारीक ते सांगतो. सुपर १०० म्हणजे जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन, सुपर १५० म्हणजे १६.२५. आकडा जितका वर तितकं कापड तलम आणि तितकंच नाजूक. बसलं की चुण्या पडतात, पँट मांडीशी लवकर विरते. रिसेप्शनला आणि पुढे ऑफिसलाही घालायचा असेल तर १०० ते १२० पुष्कळ झालं. "लोकर आहे" एवढ्यावरही भागत नाही, टक्केवारी विचारा. टेरीवूलमध्ये निम्म्याहून जास्त पॉलिस्टर असू शकतं. कापडाच्या काठावर बहुतेक छापलेलं असतं, काठ वाचल्याशिवाय कापू देऊ नका.

आमच्या ह्यांचा सूट १९८४ सालचा. दोनदा मोठा केला, अजून अंगात बसतो. तेव्हाच्या शिंप्याने पाठीच्या शिवणीत आणि पँटच्या मागे भरपूर माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवली होती म्हणून.

रानजाई

मावशी, काकांचा सूट दोनदा मोठा केला म्हणजे जेवणाचीही माया होती :)

ठाणेकर_मावशी

होती की! घाटमाथा, पोट सुटणार हे धरूनच माप द्या. बाजूच्या आणि पाठीच्या शिवणीत इंच-इंच माया मागून घ्या.

भीमथडी

"साहेबाचा कोट" यावर थोडं लिहितो. लोकलचा_प्रवासी, राग नाही, पण ही बाजूही बघा.

आमच्या पूर्वजांनी काय नेसावं, काय नेसू नये हे गाव ठरवायचं. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या बायकांना सांगितलं की जात कळावी असं लुगडं नेसणं सोडा, स्वच्छ आणि चांगलं नेसा. ते स्वतः सुटात राहिले, नीट शिवलेल्या, टाय लावलेल्या. गावोगावच्या पुतळ्यांत बाबासाहेब सुटात उभे आहेत ते कुणाची नक्कल म्हणून उभे नाहीत. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर सिंबायोसिसने त्यांच्या वापरातल्या वस्तूंचं संग्रहालय केलंय, तिथे एकदा जाऊन या.

माझे वडील बांधकाम खात्यात लागले आणि कायम झाल्यावर त्यांनी सूट शिवला. पगाराच्या मानाने फार महाग होता. राखाडी, दोन बटणांचा. आतल्या खिशावर शिंप्याने पिवळ्या धाग्याने त्यांचं पूर्ण नाव भरलं होतं, आडनावासकट. १४ एप्रिलला आणि घरातल्या लग्नाला ते तो घालायचे. मेच्या लग्नातही घालायचे, घाम आला तरी काढत नसत. त्या सुटाचे पैसे वसूल झाले का, हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारला नाही.

लोकलचा_प्रवासी

भीमथडी, असा विचार मी केला नव्हता. "साहेबाचा कोट" हे शब्द मागे घेतो. लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

टेम्सकाठी

लंडनहून. इथली सॅव्हिल रो ही टेलरांची गल्ली म्हणजे या कामाची पंढरी, तिथला हिशेब सांगतो म्हणजे तुलना करता येईल. तिथल्या टेलरांच्या संघटनेची अट आहे की एका सुटाला किमान ५० तासांचं हातकाम हवं, आणि गिऱ्हाइकाचा कागदी पॅटर्न स्वतंत्र कापलेला हवा. किंमत पाच हजार पौंडांच्या पुढे जाते. त्यातला मोठा भाग कारागिराच्या मजुरीचा आणि दुकानाच्या भाड्याचा. कापडाचा वाटा त्या मानाने लहान.

पण म्हणून सगळ्यांनी शिवूनच घ्यावा असं मी म्हणणार नाही. ज्याचं अंग रेडिमेडच्या मापात बसतं, त्याने चांगला हाफ कॅनव्हास रेडिमेड घेऊन कंबर आणि बाही दुरुस्त करून घ्यावी. मीही ऑफिसला तेच घालतो. वाईट शिवलेला सूट चांगल्या रेडिमेडपेक्षा वाईट असतो, आणि तो परत करता येत नाही. हा धोका कुणी बोलत नाही. मधला एक प्रकार आहे, मेड टू मेजर : कंपनीचा तयार पॅटर्न तुमच्या मापाने बदलून कारखान्यात शिवतात. उंच, हडकुळ्या माणसाला तो छान बसतो. एक खांदा खाली असलेल्याला मात्र कच्च्या टाक्यावर, म्हणजे पक्की शिलाई करायच्या आधी, ट्रायल घेणारा मास्तरच हवा.

बँकॉक, हाँगकाँगला "२४ तासांत सूट" अशा पाट्या दिसतात, भारतातले पर्यटक हमखास तिथे शिरतात. हाँगकाँगला उत्तम टेलर आहेत, पण २४ तासांत कच्ची ट्रायल आणि हातचा कॅनव्हास दोन्ही बसवणं कठीण.

मांडवीकाठ

गोव्यातून. आमच्याकडे ख्रिस्ती लग्नात नवरा आणि त्याचा बेस्टमन दोघांचे सूट शिवायची रीत जुनी, त्यामुळे म्हापसा-मडगावला कोट शिवणारे हात पिढ्यान् पिढ्या होते. गोव्यातले शिंपी मुंबईला गेले, तिथून पूर्व आफ्रिकेत नैरोबीपर्यंत जाऊन दुकानं थाटली. आता मुलं बोटीवर जातात, कोट शिवायला कुणी बसत नाही. आमच्या वाड्यावरचा म्हातारा मास्तर वर्षाला मोजकेच कोट घेतो आणि पावसाळ्यात घेतच नाही, दमट हवेत इस्त्रीचा आकार टिकत नाही म्हणतो.

सूट सांभाळायचं कुणी लिहिलं नाही म्हणून : रुंद लाकडी हँगर, सुती कापडाची पिशवी. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलात तर पावसाळ्यात बुरशी येणार. लोकरीला कसर लागते, कपाटात कडुलिंबाचा पाला नाहीतर डांबरगोळ्या ठेवा. उठसूट ड्रायक्लीन करू नका, घातल्यावर ब्रश मारून वाऱ्यावर टांगा.

रानजाई

माझं मत बऱ्यापैकी बदललंय. एक विचारते. पंधरा हजार शिलाई घेतली तर ती शिवणाऱ्यापर्यंत पोचते का? आमच्या इथल्या मोठ्या दुकानात माप घेणारा वेगळा, आणि शिवणारे कुठल्या तरी पोटमाळ्यावर.

खडू_कात्री

फार महत्त्वाचं विचारलंत. नेहमी पोचत नाही. बहुतेक ठिकाणी कारागीर नगावर काम करतो. कोटाचा एक भाव, पँटचा वेगळा, आणि दुकानाने गिऱ्हाइकाकडून किती घेतले ते त्याला कळतही नाही. वडिलांच्या दुकानात चार मशीनं होती. दिवाळी आणि लग्नसराईत रात्री दीड-दोनपर्यंत चालायची, पावसाळ्यात बंद. हाताला काम नसलं की उचल घ्यायची आणि पुढच्या सीझनला ती फेडायची. त्यांच्यापैकी एकाच्याही मुलाने हे काम धरलं नाही आणि मला त्याचं नवल वाटत नाही. लेपलचे टाके हाताने घालता येणारा माणूस तयार व्हायला वर्षं लागतात, तेवढ्या वर्षांत मुलगा मोटार मेकॅनिक होऊन बरे पैसे मिळवतो.

म्हणून मी सांगेन, शक्यतो असं दुकान धरा जिथे मास्तर समोर कापतो आणि कारागीर त्याच छताखाली बसतात. तिथे भाव करताना हात आखडू नका. ६ हजारांत कोट-पँट शिवून मागितलं की पहिला बळी कॅनव्हासचा जातो आणि दुसरा ट्रायलचा. ट्रायल रद्द झाली की शिवून घेण्याला अर्थच उरत नाही.

काळा_कोट

सहमत. हिशेबात आणखी एक धरा : सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांवरच्या रेडिमेड कपड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, सुटाच्या कापडावर ५. तुलना करताना दोन्हीकडचा भाव करासकट विचारा.

घाटमाथा

सगळ्यांचे आभार, एवढं शिकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. काल दोन्ही दुकानांत परत गेलो आणि "छातीत काय घालता?" एवढंच विचारलं. लक्ष्मी रस्त्यावरच्यांनी सरळ सांगितलं, फ्यूजिंग, ट्रायल एकच आणि तीही पक्की शिलाई झाल्यावर. प्रामाणिकपणे सांगितलं हे मला आवडलं. कॅम्पातल्या मास्तरांनी कपाटातून अर्धवट शिवलेला एक कोट काढून आतून दाखवला. लेपलच्या मागचे टाके बघितले, खडू_कात्री, तुम्ही लिहिलंय तसेच, तिरक्या ओळी. मग त्यांनी माझ्या पाठीमागे उभं राहून दोन्ही खांद्यांवर तळवे ठेवले आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, "बोलिंग करायचा का?"

हाफ कॅनव्हास ठरवलाय, तेरा हजार शिलाई. कापड सुपर ११०, पूर्ण लोकर, काठ वाचून घेतला. रंगाचं ठरत नाही. घरचे काळा म्हणतात, मास्तर गडद निळा.

टेम्सकाठी

डोळे मिटून गडद निळा. तो लग्नातही शोभतो, पुढे इंटरव्ह्यू, ऑफिस सगळीकडे चालतो, आणि कोट वेगळा राखाडी पँटवर घालता येतो. पँट आधी विरते, म्हणून त्याच कापडाची दुसरी पँट आत्ताच शिवून घ्या. नंतर त्याच ताग्यातलं कापड मिळत नाही आणि रंगात उन्नीस-बीस होतं. सव्वा मीटर जास्त लागेल, पण सुटाचं आयुष्य बरंच वाढेल.

खडू_कात्री

मास्तर चांगले मिळालेत. ट्रायलला जाताना रिसेप्शनचाच शर्ट आणि तेच बूट घालून जा, बुटाच्या टाचेप्रमाणे पँटची लांबी बदलते. मोबाइल, पाकीट खिशात असू द्या. उभे राहताना नेहमीसारखे राहा, आरशासमोर लोक छाती काढून उभे राहतात आणि कोट त्याच मापाचा होतो. बसून बघा, हात जोडून बघा, वाकून नमस्कार करून बघा. रिसेप्शनला तेच करायचंय रात्रभर. आणि पहिली ट्रायल नोव्हेंबरच्या आधी मागा, लग्नसराई लागली की मास्तरही काही करू शकत नाहीत.

ठाणेकर_मावशी

दुसऱ्या पँटलाही माया ठेवायला सांगा हो.

टेम्सकाठी

आणि सूट हातात आला की पाठीच्या चिरेवर फुलीसारखा टाका असतो, खिशांची तोंडंही बऱ्याचदा टाचलेली असतात. ते काढायचे असतात. इथल्या एका मराठी लग्नात नवरदेव तो पांढरा टाका मिरवत फिरत होता, शेवटी त्याच्या सासूबाईंनी पर्समधून कात्री काढली.